पेशी ‘नाहीत’ हे ठरवायचे कसे?

नवजात बाळाची पहिली शी काळपट हिरवी आणि डांबरासारखी चिकट असते. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांपैकी बहुतेकांना ती पहिल्या २४ तासांत होते, ४८ तासांत जवळजवळ सगळ्यांना. एखाद्या बाळाला मात्र होत नाही. पोट फुगते, दूध पिणे कमी होते, कधी हिरवी उलटी होते. मग घरातली जाणती बाई विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लावते, कुठे साबणाची बारीक कांडी लावली जाते. शी आणि वायू एकदम जोराने बाहेर पडतात, पोट सपाट होते, सगळे निर्धास्त होतात. दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच.

या उपायाला नुसते अडाणीपणाचे म्हणून सोडून देता येत नाही, कारण तो त्या क्षणी खरोखर लागू पडतो. हिर्शस्प्रुंग नावाच्या जन्मजात आजारात बाळाच्या गुदाशयाला काहीही स्पर्श झाला की साठलेले सगळे जोराने बाहेर येते. बोटाने तपासणाऱ्या डॉक्टरांनाही हाच अनुभव येतो आणि पाठ्यपुस्तकांत ते या आजाराचे लक्षण म्हणून नोंदलेले आहे. म्हणजे ज्या गोष्टीने शंका यायला हवी, तिनेच घरच्यांची शंका फिटते. आठवडे जातात, बाळघुटी, एरंडेल, एनिमा असे फिरत फिरत महिने जातात. दरम्यान तुंबलेल्या आतड्यात जंतूंची वाढ होऊन आतड्याला सूज आली, तर ताप, दुर्गंधीयुक्त जुलाब आणि शॉक अशा क्रमाने काही तासांत बाळाच्या जिवावर बेतते. या आजारात मृत्यू होतात ते मुख्यतः या गुंतागुंतीने.

जगभरात साधारण दर ५,००० जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो असे मानले जाते. भारतात वर्षाला दोन कोटींहून अधिक बाळे जन्मतात, म्हणजे वर्षाला चार हजारांहून जास्त बाळे. आतड्याचा छोटा भाग बाधित असणाऱ्यांत मुलींपेक्षा मुलगे सुमारे चौपट. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांतही त्याचे प्रमाण अधिक. आजार दुर्मीळ म्हणावा असा, पण जिल्ह्याच्या प्रत्येक मोठ्या प्रसूतिगृहाच्या वाट्याला काही वर्षांत एखादे बाळ येईल इतपत नित्याचा. त्याचे अंतिम निदान क्ष-किरणांनी होत नाही, रक्ताने होत नाही, सोनोग्राफीने तर नाहीच. आतड्याच्या अस्तराचा एक कण कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. तो कण कोण घेतो, कसा घेतो आणि कोण पाहतो, याचा विचार आपल्या आरोग्यव्यवस्थेत फार थोड्यांनी केला आहे.

आधी आजार समजून घ्यायला हवा, कारण त्याचा इतिहास म्हणजे साठ वर्षे चाललेली एक फसगत आहे. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये बर्लिनच्या सभेत दोन बाळांची हकीकत मांडली. दोघेही असाध्य मलावरोधाने वर्षाच्या आत दगावले होते आणि शवविच्छेदनात त्यांचे मोठे आतडे प्रचंड फुगलेले, जाड भिंतीचे दिसले. त्याच्या खालचा गुदाशय मात्र फुगलेला नव्हता. डोळ्यांत भरले ते फुगलेले आतडे, आणि सगळ्यांनी आजार तिथेच आहे असे धरले. पुढची कित्येक दशके शल्यविशारद फुगलेला भाग कापत राहिले, आतड्याकडे जाणाऱ्या कंबरेजवळच्या चेता कापून पाहत राहिले. मुले काही दिवस सुधारत, मग पुन्हा तुंबत.

खालच्या, वरकरणी साध्या दिसणाऱ्या भागात चेतापेशींचे पुंजके नाहीत, हे निरीक्षण १९०१ मध्येच टिटेल यांनी नोंदवले होते. ते मागे पडले. १९४० च्या दशकात बोस्टनमध्ये ऑर्व्हर स्वेन्सन यांच्या लक्षात आले की फुगलेल्या आतड्याला पोटावर तोंड काढून दिले, म्हणजे कोलोस्टोमी केली, की ही मुले ठणठणीत होतात. तोंड बंद करून आतडे पुन्हा जोडले की आजार परत येतो. म्हणजे फुगलेले आतडे निरोगी होते, खालच्या अडथळ्यापुढे झगडून थकलेले. आजारी होता तो अरुंद भाग. १९४८ मध्ये स्वेन्सन आणि अलेक्झांडर बिल यांनी तो भाग काढून वरचे चांगले आतडे गुद्द्वाराजवळ आणून जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या दोन वेगळ्या अभ्यासगटांनी ऊतींच्या तपासणीतून चेतापेशींचा अभाव ठामपणे दाखवून दिला. आजार कुठे आहे हे डोळ्यांना दिसले नव्हते, ते सूक्ष्मदर्शकाने सांगितले.

गर्भाच्या पाचव्या ते बाराव्या आठवड्यांच्या दरम्यान भावी चेतापेशी मानेच्या पातळीवरून निघतात, अन्ननलिकेत शिरतात आणि आतड्याच्या भिंतीतून खाली खाली सरकत गुदाशयापर्यंत पोहोचतात. वाटेत त्यांची संख्या वाढत जाते. आतडे आकुंचन पावते आणि सैल पडते ते या पेशींच्या हुकमाने. काही बाळांत हा प्रवास मध्येच थांबतो. जिथे थांबला त्याच्या खालचे आतडे सैल पडू शकत नाही, कायम आवळलेले राहते. दहापैकी सुमारे आठ बाळांत हा भाग गुदाशय आणि त्याच्या लगतच्या वळणापुरता असतो, थोड्यांत संपूर्ण मोठे आतडे पेशींविना असते. पेशी वरून खाली येत असल्याने गुदाशयाच्या तळाशी त्या सापडल्या, तर वरही असणार हे गृहीत धरता येते. त्यामुळे तिथला एक कण पुरतो.

हा कण मिळवण्याची पद्धत ऐकायला जितकी भयंकर वाटते तितकी नाही. पूर्वी गुंगी देऊन आतड्याच्या भिंतीचा पूर्ण जाडीचा तुकडा घ्यावा लागे. १९६० च्या दशकात ओढबळाने अस्तराचा छोटा तुकडा घेणारी साधने आली, मेलबर्नच्या हेलन नोब्लेट यांनी १९६९ मध्ये वर्णन केलेल्या नळीसारख्या उपकरणाने ती पद्धत सर्वदूर पोहोचवली. गुद्द्वाराची त्वचा जिथे संपते आणि आतड्याचे अस्तर सुरू होते त्या रेषेच्या वर वेदना कळवणाऱ्या चेता नसतात. बाळाला भूल द्यावी लागत नाही, खाटेवरच काही मिनिटांत काम होते. रक्तस्राव किंवा आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो, पण क्वचित. बाळाच्या पोटात नळ्या घालून तुकडे काढणार म्हटल्यावर आजी-आजोबा नाही म्हणतात ते स्वाभाविक आहे. पण हे त्यांना मराठीत समजावून सांगायला लागणारी पाच मिनिटे बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीत कुणाकडे नसतात, आणि मग ‘नातेवाइकांनी नकार दिला’ अशी ओळ केसपेपरवर येते.

हातात येतो तो तुकडा साबुदाण्याच्या दाण्याएवढा, सुमारे तीन मिलिमीटरचा. त्यात काय असायला हवे? नुसते वरचे अस्तर आले तर उपयोग नाही, कारण चेतापेशी त्याच्या खालच्या थरात असतात. तो थर तुकड्यात पुरेसा हवा. शिवाय गुद्द्वाराच्या अगदी जवळ निरोगी बाळातही पेशी विरळ असतात. तुकडा खालून घेतला तर ‘पेशी नाहीत’ असा खरा पण दिशाभूल करणारा निष्कर्ष निघेल. फार वरून घेतला तर छोटा बाधित भाग सुटून जाईल. म्हणून त्या रेषेच्या दीड-दोन सेंटीमीटर वरची जागा. आणि पॅथॉलॉजिस्टला हे अंतर कळायला हवे, ते नमुन्यासोबतच्या कागदावर लिहिलेले हवे. प्रत्यक्षात बाटलीबरोबर येणाऱ्या फॉर्मवर बऱ्याचदा बाळाचे नाव, वय आणि ‘रेक्टल बायोप्सी, हिर्शस्प्रुंग?’ एवढेच असते.

इथून पुढची अडचण ही वैद्यकशास्त्रातल्या इतर बहुतेक निदानांपेक्षा वेगळी आहे. क्षयाचे जंतू दिसले की क्षय. कर्करोगाची पेशी दिसली की कर्करोग. इथे एक चेतापेशी दिसली की आजार नाही, हे सोपे. पण आजार आहे असे म्हणायचे तर पेशी दिसली नाही एवढे पुरत नाही, ती तिथे नाहीच हे पटायला हवे. घरात किल्ली सापडली नाही आणि घरात किल्ली नाही, या दोन विधानांत जेवढे अंतर आहे तेवढे या दोहोंत आहे. त्यासाठी तुकड्याचे मेणात बसवून मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतके पातळ, एकामागून एक, पन्नास, शंभर काप करायचे आणि प्रत्येक काप डोळ्याखालून घालायचा. त्यात नवजात बाळाच्या चेतापेशी कोवळ्या असतात, आकाराने लहान. पांढऱ्या पेशींशी आणि रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींशी त्यांची सहज गल्लत होते. जिल्ह्याच्या गावी दिवसाला ढीगभर गर्भाशये, अपेंडिक्स आणि पित्ताशये पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे असा नमुना वर्षातून एखादाच येतो. त्याने किंवा तिने तो दोन कापांवर उरकला, तर दोष एकट्या त्या माणसाचा नाही.

मदतीला काही खुणा आहेत. पेशींविना आतड्यात बाहेरून येणारे चेतातंतू जाडजूड होतात. त्यांची जाडी ४० मायक्रॉनच्या वर गेली की शंका बळकट होते. स्वित्झर्लंडच्या मायर-रूगे यांनी १९७० च्या दशकात रूढ केलेल्या अॅसिटिलकोलिनएस्टरेज या विकराच्या रंजनात असे तंतू अस्तरात दाटीने दिसतात. ही खूण मोलाची, कारण इथे काहीतरी ‘असल्याचा’ पुरावा मिळतो. मात्र त्यासाठी ताजा, गोठवलेला तुकडा लागतो. तालुक्यातून फॉर्मॅलिनमध्ये टाकून एसटीने पाठवलेल्या नमुन्यावर ते जमत नाही. शिवाय कोवळ्या बाळांत आणि संपूर्ण मोठे आतडे बाधित असलेल्यांत या दोन्ही खुणा फसवू शकतात.

गेल्या वीसेक वर्षांत आलेल्या कॅलरेटिनिन या प्रथिनाच्या रंजनाने परिस्थिती बरीच सुधारली. निरोगी अस्तरात कॅलरेटिनिन असलेले बारीक तंतू तपकिरी रेषांसारखे उठून दिसतात, हिर्शस्प्रुंगमध्ये ते नसतात. फॉर्मॅलिनमधला, मेणात बसवलेला साधा तुकडा चालतो, अनुभव कमी असलेल्या डोळ्यांनाही वाचता येते. आज मोठ्या शहरांतल्या अनेक प्रयोगशाळांत ते होते. तरी तेही शेवटी ‘नसणे’ दाखवणारेच रंजन आहे. रसायन जुने झाले, प्रक्रियेत चूक झाली तरी स्लाइड तशीच कोरी दिसणार. म्हणून शेजारी निरोगी आतड्याचा तुलनेचा काप रंगवायलाच हवा. खर्च वाचवायचा म्हणून हा काप गाळणे ही परवडणारी काटकसर नव्हे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. बेरियम किंवा तत्सम द्रव गुद्द्वारातून सोडून काढलेल्या क्ष-किरण चित्रात अरुंद भाग आणि वरचे फुगलेले आतडे स्पष्ट दिसत असेल, तर एवढा खटाटोप कशाला? चित्र उपयोगी आहे, शल्यविशारदाला अंदाज देते. पण पहिल्या काही आठवड्यांत वरचे आतडे फुगायला वेळच मिळालेला नसतो, त्यामुळे चित्र निर्दोष दिसू शकते. संपूर्ण मोठे आतडे बाधित असेल तर तुलनेला काही उरतच नाही. उलट घट्ट शीचा बोळा अडकलेले किंवा थायरॉइडची कमतरता असलेले बाळही असेच वागते आणि त्याला शस्त्रक्रियेची गरज नसते. गुदाशय एकदा काढला की परत बसवता येत नाही. तो काढण्यापूर्वी ऊतींचा पुरावा मागणे ही किमान सभ्यता आहे, मग रुग्णालय कितीही आडगावी असो.

दुसऱ्या टोकाची चूकही होते आणि तीही सांगायला हवी. बद्धकोष्ठ असलेल्या बहुसंख्य मुलांना हा आजार नसतो. अंगावर पिणारे महिन्या-दोन महिन्यांचे बाळ चार-पाच दिवस शी न करता मजेत असू शकते. दोन-तीन वर्षांच्या मुलाला शी धरून ठेवायची सवय लागते, चड्डी खराब होते. हिर्शस्प्रुंगमध्ये चड्डी खराब होणे सहसा दिसत नाही. अशा प्रत्येकाचा तुकडा घेणे चुकीचे ठरेल. शिवाय ऊतींत काहीतरी शोधायचेच ठरवले तर काहीतरी सापडते. आतड्यात चेतापेशी कमी असणे किंवा जरुरीपेक्षा जास्त असणे असेही विकार सांगितले गेले आहेत. ‘जास्त पेशी’ असण्याचा विकार मायर-रूगे यांनीच १९७१ मध्ये वर्णिला, पण पुढे त्याचे निकष बदलत राहिले, काही केंद्रांत तो सर्रास निघू लागला तर काहींना तो जवळजवळ दिसेना. ज्या निदानाचे प्रमाण पाहणाऱ्यावर अवलंबून आहे, त्याच्या आधारे मुलाचे आतडे कापू नये. ‘कमी पेशी’ म्हणायचे तर साबुदाण्याएवढ्या कणावर ते म्हणताच येत नाही, पूर्ण जाडीचा तुकडा लागतो.

निदान झाल्यावर पॅथॉलॉजिस्टचे काम संपत नाही, खरे तर सर्वांत अवघड भाग तेव्हा सुरू होतो. शस्त्रक्रियेत कुठवरचे आतडे काढायचे? आजारी आणि निरोगी भागांच्या मध्ये एक संक्रमणाचा पट्टा असतो, तिथे पेशी थोड्या, विस्कळीत आणि घेराच्या एका बाजूला असून दुसऱ्या बाजूला नसलेल्या. शल्यविशारद टेबलावर थांबतो, तुकडा गोठवून काप पाहिला जातो आणि अर्ध्या-पाऊण तासात निरोप येतो: इथे पेशी आहेत, जोडा. तो निरोप घाईत, एकाच बिंदूवरून दिला गेला आणि जोडलेल्या टोकाच्या दुसऱ्या बाजूला पेशी नसल्या, तर बाळाची बद्धकोष्ठता चालूच राहते आणि काही वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रिया होते. म्हणून जोडायच्या टोकाचा पूर्ण गोल काप तपासण्याचा आग्रह आता धरला जातो.

गुद्द्वारातूनच, पोटावर व्रण न ठेवता, एका बैठकीत ही शस्त्रक्रिया करण्याची पद्धत १९९० च्या दशकाअखेरीस आली आणि ती आपल्याकडेही रुळली आहे. तिची जाहिरात सोपी आहे, कारण पालकांना एकच शस्त्रक्रिया हवी असते. पण ती पद्धत शल्यविशारदाच्या कौशल्याइतकीच शेजारच्या खोलीतल्या गोठवण्याच्या यंत्रावर आणि ते वाचणाऱ्या अनुभवी डोळ्यांवर उभी आहे. ज्या रुग्णालयात ही सोय नाही, तिथे आधी कोलोस्टोमी, तुकड्यांची सावकाश मेणात तपासणी, मग काही महिन्यांनी मुख्य शस्त्रक्रिया आणि शेवटी कोलोस्टोमी बंद, हा जुना टप्प्याटप्प्याचा मार्ग अधिक प्रामाणिक आहे. त्याला मागास म्हणणाऱ्यांनी आपल्या रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वेळी पॅथॉलॉजिस्ट हजर असतो का, हे आधी सांगावे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बालशल्यक्रिया येतात, त्यामुळे गरीब कुटुंबाला शस्त्रक्रियेचा खर्च पेलतो. हे मोठेच काम आहे. पण अशा योजनांत रक्कम ठरते ती शस्त्रक्रियेची. तपासण्या तिच्यातच धरलेल्या असतात. शंभर काप पाहणाऱ्याला आणि दोन काप पाहणाऱ्याला हिशेबात फरक नाही. असा फरक करायला हवा. गुदाशयाच्या तुकड्याच्या अहवालात किती काप पाहिले, खालचा थर पुरेसा होता का आणि कोणते रंजन केले, या तीन गोष्टी नसतील तर शस्त्रक्रियेला मंजुरी देऊ नये, असा नियम योजनेला सहज करता येईल. अवघड नमुन्यांसाठी राज्यात दोन-तीन वाचनकेंद्रे ठरवून स्लाइडचे स्कॅन तिकडे पाठवण्याची सोय करणेही आता महाग राहिलेले नाही.

‘नमुना अपुरा’ असा अहवाल आला की पालक चिडतात, डॉक्टरही वैतागतात. पॅथॉलॉजिस्टवर काहीतरी ठरवून टाकण्याचा दबाव येतो. वास्तविक हा अहवाल देणाऱ्याचे आभार मानायला हवेत. महिन्याभराच्या बाळाचा तुकडा पुन्हा घेता येतो. मोठ्या मुलात आतले थर चिवट झालेले असतात, ओढबळाने घेतलेला तुकडा अपुरा निघण्याची शक्यता वाढते, तिथे भूल देऊन उघड्या पद्धतीने तुकडा घ्यावा लागतो. वेळेत शंका येण्याचे महत्त्व यासाठीही आहे.

आणि शंका येण्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात दोषांची यादी आहे. फाटलेला ओठ, वाकडे पाऊल, हृदयदोष तिच्यात आहेत, हिर्शस्प्रुंग नाही. तो डोळ्यांना दिसत नाही म्हणून यादीत नसेल तर ते समजण्यासारखे आहे. पण आशाताई रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन पाहतात. पहिली शी जन्मानंतर किती तासांनी झाली, हा आकडा प्रसूतिगृहाच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलेला असेल तर तिसऱ्या दिवसाच्या भेटीतच चित्र बदलू शकते. सहा महिन्यांनी विचारले तर आईला तो आठवत नाही, आणि बालशल्यविशारदाचा पहिला प्रश्न नेमका तोच असतो.

पालकांच्या हाती आणखी एक गोष्ट असते. तपासलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात वर्षानुवर्षे टिकतो, त्याचे काप पुन्हा करता येतात, दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवता येतात. शस्त्रक्रियेच्या फाइलबरोबर त्या ठोकळ्याचा क्रमांक आणि अहवालाची प्रत मागून घ्यावी. शस्त्रक्रियेनंतरही मूल कुंथत राहिले आणि चार-पाच वर्षांनी दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरकडे गेले, तर ते जोडलेल्या टोकाच्या स्लाइड मागतात. त्या बहुतेकांकडे नसतात.